नावाची नोंद

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. भिलाईस त्या दिवसांत पावसाने ठाण मांडलेले असते. सकाळचे वर्तमानपत्र दमट होऊन येते आणि उलगडताना पानास पान चिकटते. अशाच एका चिकटलेल्या पानाच्या आत मला ती बातमी सापडली. भारतीय वायुदलातील निवृत्त ग्रुप कॅप्टन दिलीप कमलाकर परुळकर पुण्याजवळ निवर्तले होते. बातमी लहानशीच होती. १९७१ च्या युद्धात त्यांचे विमान पाकिस्तानात पडले, ते युद्धकैदी झाले आणि रावळपिंडीच्या बंदिवासातून दोन सोबत्यांसह निसटून अफगाण सरहद्दीच्या अगदी उंबरठ्यापर्यंत जाऊन पोहोचले, एवढाच मजकूर तीत होता.

परुळकरांची नि माझी ओळख नव्हती. मी त्यांस कधी पाहिलेही नाही. तरी ती बातमी मी तीनदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचली, आणि सूनबाईने समोर ठेवलेला चहा निवून गेला. "कोण हो हे? ओळखीचे होते का?" तिने विचारले. मी नाही म्हणालो. उत्तर खरे होते, परंतु पुरते खरे नव्हते, असे मला दिवसभर वाटत राहिले.

माणसास आपल्याकडचे एखादे जुने देणे परक्याच्या हकिगतीवरून आठवावे, असे पुष्कळदा घडते. माझे तसे झाले. ते देणे कोणाचे व कसले, हे पुढे येईलच. आधी परुळकरांची हकिगत सांगितली पाहिजे.

१९६३ साली हा तरुण वायुदलात दाखल झाला. दोन वर्षांनी पाकिस्तानशी युद्ध जुंपले. त्या युद्धात त्याच्या विमानावर गोळ्या आल्या आणि त्याच्या उजव्या खांद्यास जखम झाली. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला त्यास तुकडीच्या नायकाने दिला. त्याने तो मानला नाही. जखमी हाताने विमान हाकीत तो तळावर परतला. त्याबद्दल त्यास वायुसेना पदक मिळाले. बाविशी-तेविशीच्या पोराने अशा वेळी विमान का सोडले नाही, याची अनेक कारणे देता येतील. मला आपले एकच पटते: सीमेपलीकडच्या मातीत पाय टेकण्यापेक्षा रक्ताळलेल्या हाताने घर गाठणे त्यास सोपे वाटले असावे.

सहा वर्षांनी ती निवड त्याच्या हाती उरली नाही. १९७१ च्या डिसेंबरात फ्लाइट लेफ्टनंट परुळकर सुखोई-७ जातीचे विमान चालवीत होते. हे नाव ऐकले की भिलाईकराचे कान टवकारतात, कारण आमचा कारखाना आणि ते विमान एकाच देशाहून आलेले. सोव्हिएत सरकारशी पोलाद कारखान्याचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाले ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. मी १९६७ साली साताऱ्याकडून येथे रेल मिलमध्ये रुजू झालो, तेव्हा रशियन तज्ज्ञांची वस्ती चांगलीच नांदती होती. त्यांचा 'दावाय' हा शब्द आमच्या खलाशांपासून साहेबांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसला होता. चला, उचला, होऊ द्या, हे सारे त्या एका शब्दात येई. त्यांतील एका प्रौढ फोरमनला मी दुभाष्यामार्फत एकदा सुखोईविषयी छेडले. विमानातले आपणास काही कळत नाही, असे तो म्हणाला. परंतु आमच्याकडे कोणतेही यंत्र करताना ते चिखलात, बर्फात आणि अडाणी माणसाच्या हाती जाणार असे धरून करतात. रेल मिलमधील त्यांची यंत्रे पाहिलेल्या माणसास हे निराळे सांगावयास नको.

सुखोई तशीच होती. अंगाने दांडगी, इंधनास अधाशी, परंतु मार सोसणारी. शेपटीची चाळण झाली तरी वैमानिकास घेऊन परतलेल्या सुखोया त्या युद्धात होत्या. मात्र तिच्या वाट्याला काम आले होते ते सर्वांत जोखमीचे. खाली उतरून शत्रूचे रणगाडे, तोफा, आगगाड्या यांवर हल्ला करावयाचा, म्हणजे जमिनीवरच्या प्रत्येक तोफेच्या टप्प्यात शिरावयाचे. १० डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम पाकिस्तानात परुळकरांच्या विमानास खालून मारा लागला. या खेपेस परत येण्यासारखे काही उरले नव्हते. ते आसनासकट बाहेर फेकले गेले आणि हवाईछत्रीने शत्रूच्या भूमीवर उतरले.

या क्षणाचा मी पुष्कळ विचार केला आहे. वर असेपर्यंत वैमानिकाच्या पाठीशी एक तळ असतो, एक तुकडी असते, कानात कोणीतरी त्यास नावाने हाक मारीत असते. छत्री जमिनीस लागली की तो कोणाच्या तरी शेतात उभा असलेला एक अनोळखी माणूस होतो. आपल्यापैकी पुष्कळांनी बदलीच्या गावी अपरात्री स्टेशनावर उतरून, ट्रंकेवर बसून, आपणास येथे नावाने ओळखणारे कुत्रेही नाही, हा अनुभव घेतलेला आहे. त्या क्षुल्लक अनुभवाची या प्रसंगाशी तुलना करणे हास्यास्पद होईल. परंतु परकेपणाची चव कशी असते, एवढे तरी तेवढ्यावरून कळते.

परुळकर जगले. त्यांस रावळपिंडीच्या छावणीत आणले गेले. तेथे हळूहळू एक डझन भारतीय वैमानिक जमा झाले. त्यांत वयाने व हुद्द्याने वडील होते विंग कमांडर कोएल्हो. छावणीचा पहिला अधिकारी होता पाकिस्तानी वायुदलातील स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. कैद्यांशी तो माणुसकीने वागला, असे त्या कैद्यांनीच पुढे सांगितले आहे. काही महिन्यांनी त्याची बदली झाली. पाकिस्तानी वायुदलप्रमुखांचा एडीसी म्हणून तो पेशावरास गेला. बदली ही गोष्ट आपणा मंडळींस नेहमी शापासारखी वाटते. ही एक बदली तीन माणसांच्या कामी आली.

युद्ध सतरा डिसेंबरास थांबले, पण कैदी परत जाण्याचे चिन्ह दिसेना. जुलै १९७२ मध्ये सिमल्याचा करार झाला, तरी छावणीची दारे बंदच. परुळकर, फ्लाइट लेफ्टनंट ग्रेवाल आणि फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी या तिघांनी कोठडीच्या भिंतीस भोक पाडावयास घेतले. विटांमधील चुना-सिमेंट कोरून काढावयाचे, कचरा लपवावयाचा, बाहेरच्या अंगाचा गिलावा शेवटपर्यंत शाबूत राखावयाचा, असे ते काम होते. पाणी नेण्यासाठी त्यांनी वैमानिकाच्या पोशाखातील हवेच्या पिशवीचा उपयोग केला, सुईस लोहचुंबकाचा गुण देऊन होकायंत्र केले, आणि नकाशासाठी एक शाळकरी अ‍ॅटलास मिळविला. १२ ऑगस्टच्या रात्री वादळ झाले. त्या वादळाच्या आडोशाने, उजाडावयाच्या आत, तिघे भिंतीपलीकडच्या गल्लीत उतरले.

येथे मराठी माणसास आग्रा आठवणे साहजिकच आहे. तोही ऑगस्टच, १६६६ सालचा. परंतु महाराजांच्या वाटेवर माणसे पेरलेली होती, वेषांतराची, घोड्यांची, मुक्कामांची तजवीज होती. या तिघांपाशी शाळेतला नकाशा आणि फिलिप पीटर, हॅरल्ड जेकब, अली अमीर अशी उसनी घेतलेली नावे होती. लाहोरच्या तळावरचे पाकिस्तानी वायुदलाचे नोकर, सुट्टीत खैबर पाहावयास निघालेले, असे सोंग त्यांनी घेतले होते. रावळपिंडीहून मोटारीने पेशावर, तेथून जमरूद, आणि जमरूदहून लंडी कोतल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खैबर घाटातील त्या बाजारगावी चहा पीत बसले होते आणि अफगाणिस्तानची हद्द तेथून अवघी चार-पाच मैल होती. फेथ जॉन्स्टन या लेखिकेने २०१३ साली या प्रकरणावर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच हे चार मैल आहेत. माझ्या मुलाने मला ते आणून दिले.

आणि येथे ते फसले. कशाने, तर एका रेल्वे स्टेशनाने. त्यांच्या नकाशात लोहमार्ग लंडी कोतलच्या पुढे लंडी खानापर्यंत गेलेला दाखविला होता. सरहद्दीजवळचे शेवटचे ठिकाण तेच, तेव्हा तेथे जाऊन पुढे पायी निसटावे, असा त्यांचा विचार. त्यांनी बाजारात लंडी खानाची चौकशी केली. ते स्टेशन १९२६ मध्ये उघडले होते आणि १९३२ मध्ये बंद झाले होते. चाळीस वर्षे ज्या गावी कोणी गाडीने गेले नव्हते, त्या गावाची वाट विचारणारे हे तिघे कोण?

मी आयुष्यभर रूळ तपासले. ज्या मिलमध्ये मी होतो तेथून निघालेले रूळ देशाच्या कोनाकोपऱ्यांत पडले आहेत. मार्ग उखडला तरी नकाशातील रेघ कित्येक वर्षे उखडत नाही, हे आमच्या धंद्यातील माणसास ठाऊक असते. परंतु त्या रेघेवर विसंबून माणसे आपला जीव घेऊन निघतील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. पुस्तकातील ते पान वाचताना मला त्या अ‍ॅटलासकर्त्याचा विलक्षण राग आला. तो पुरता अन्यायाचा होता. बिचाऱ्याने शाळेतील पोरांसाठी नकाशा काढला होता.

त्या दिवसांत कित्येक बंगाली माणसे पाकिस्तानातून याच घाटाने काबूलकडे निसटत असत. तहसील कचेरीतील एका कारकुनास हे तिघे तसलेच वाटले. सरकारी कारकुनाच्या नाकास कमी लेखू नये, हे आपण जाणतोच. तिघांस तहसीलदारापुढे उभे केले गेले. झडती झाली. सोंग टिकेना. तो सारा टापू टोळीवाल्यांचा. बंदूक ही तेथे काठीसारखी हाती असावयाची. हेर ठरविले गेलेले, कागदपत्र नसलेले, खोट्या नावांचे तिघे तरुण तेथल्या तेथे संपविले गेले असते, तर त्याचा जाब कोण कोणास विचारणार होता? रावळपिंडीच्या छावणीने 'पळून गेले' एवढीच नोंद केली असती, आणि ती खोटीही ठरली नसती.

परुळकरांनी त्या क्षणी जे केले ते मला साऱ्या हकिगतीतील सर्वांत मोठे कृत्य वाटते. भिंत फोडण्यास धाडस लागते, पण ते तरुणपणी पुष्कळांपाशी असते. चार मैलांवर आलेली सुटका तेथल्या तेथे सोडून देणे फार थोड्यांस जमते. त्यांनी तहसीलदारास सांगितले, की पेशावरास वायुदलप्रमुखांच्या एडीसीस टेलिफोन करा. उस्मान हमीद त्यांचे नाव. टेलिफोन लागला. परुळकर स्वतः उस्मानशी बोलले. उस्मानने तहसीलदारास बजावले, की ही माणसे आमची आहेत, त्यांस अडकवून ठेवा, पण केसासही धक्का लावू नका.

शत्रूच्या एका अधिकाऱ्याने एका वाक्यात तिघांचे प्राण वाचविले. त्यास तसे करण्याचे बंधन नव्हते. पळालेल्या कैद्यांच्या नावाने चार शिव्या हासडून त्याने टेलिफोन खाली ठेवला असता, तरी त्यास कोणी बोल लाविला नसता. परंतु आता तीन माणसे कोठे आहेत, जिवंत आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, हे एका जबाबदार अधिकाऱ्याच्या कानावर गेले होते. त्यांची नोंद झाली होती. त्यानंतर त्यांस नाहीसे करणे सोपे राहिले नाही.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. तिघांस परत नेऊन एकान्तवासाची शिक्षा झाली, मग सर्व वैमानिकांस लायलपूरच्या छावणीत हलविले गेले, आणि १ डिसेंबर १९७२ रोजी ते वाघा ओलांडून घरी आले.

आता माझे देणे.

नोंदीचे महत्त्व मला कोणी शिकवावे, असे नव्हते. माझी सारी नोकरी नोंदीतच गेली. रूळ तांबडालाल असतानाच त्याच्या अंगावर कारखान्याचे नाव, जात आणि साल उठविले जाते. शिवाय ज्या घाणीचे पोलाद त्यात आहे तिचा हीट नंबर ठोकला जातो. तीस वर्षांनी एखादा रूळ कोठे तडकला, तर त्या आकड्यावरून त्याचे सारे कूळ काढता येते. आकडा अर्धवट उठला असेल, पाच की सहा असा संशय असेल, तर तो रूळ बाजूला काढावयाचा, हा नियम. मी तो कधी मोडला नाही. मिलमध्ये माझ्या काटेकोरपणाची थट्टा होत असे.

१९७१ साली आम्ही सेक्टर चारमध्ये राहत होतो. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक मराठी कुटुंब होते. काका लेखा विभागात, काकू घरी, आणि त्यांचा थोरला मुलगा पायदळात पश्चिम आघाडीवर. काकू मला भाऊ म्हणत. माझे लग्न होईपर्यंत सणावाराचे माझे ताट त्यांच्याकडेच असावयाचे. युद्ध थांबल्यावर दोन दिवसांनी मुलगा बेपत्ता असल्याची तार आली. काकांनी ती घडी घालून खिशात ठेवली आणि ते कामावर गेले. काकूंनी मात्र माझ्याकडे येऊन एकच मागणे केले. माझ्याकडे मर्फीचा रेडिओ होता आणि लाहोरकडून रात्री युद्धकैद्यांची नावे सांगतात, असे त्यांच्या कानावर आले होते. "भाऊ, तेवढे ऐकत जा," त्या म्हणाल्या. "माझ्या कानास ते धड लागत नाही."

मी ऐकू लागलो. पाळी नसेल त्या प्रत्येक रात्री सुई फिरवीत बसे. खरखर, शिट्ट्या, मध्येच कोठली तरी कव्वाली, आणि त्यांतून तरंगत येणारी नावे. वाचणारा पंजाबी, नावे साऱ्या हिंदुस्थानातील. एकेकाचा असा काही उच्चार होई, की सांगणाऱ्याच्या आईसही ते ओळखू येऊ नये. पंधरवडा असा गेला असेल. पौष महिन्याचे दिवस, पहाटे धुके आणि कोक-भट्ट्यांचा धूर यांची एकच चादर वसाहतीवर पसरलेली. अशा एका रात्री एक नाव आले. आडनाव मी स्पष्ट ऐकले. ते काकूंचे आडनाव होते. त्याच्या आधीचे नाव खरखरीत बुडून गेले.

ते आडनाव आपल्याकडे गावोगावी आहे. सैन्यात तर एकेका पलटणीत दहा-दहा असतील. हे मला त्या क्षणीही कळत होते. रूळ असता, तर मी तो खचित बाजूला काढला असता. मी चपला न घालता बाहेर धावलो, काकूंचे दार ठोठावले आणि मुलाचे नाव नि आडनाव दोन्ही घेऊन सांगितले, की रेडिओवर नाव आले. आडनाव मी ऐकले होते. नाव मी लावले.

काकू काही क्षण बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "भाऊ, आडनाव नीट ऐकू आले ना?"

"हो," मी म्हणालो. या उत्तरातही खोटे काही नव्हते.

त्या रात्रीपासून त्या घरात पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले. काका हसू लागले. संक्रान्तीस काकूंनी अख्ख्या ओळीला तिळगूळ वाटला आणि प्रत्येक दारी सांगितले, की मुलगा कैदेत आहे, पण सुखरूप आहे. मी दारातून पाहत होतो. अजूनही वेळ गेलेली नव्हती. मी जाऊन खरे सांगू शकत होतो. परंतु कोणत्या तोंडाने सांगावे, आणि सांगून त्या घरातला दिवा पुन्हा का मालवावा, अशी मी माझीच समजूत घालीत राहिलो. जानेवारीच्या अखेरीस पत्र आले. मुलगा डिसेंबरातच पडला होता. त्याच्या सोबत्यांनी त्यास ओळखले होते आणि आघाडीवरच त्याचे दहन झाले होते. सारे त्या पत्रात तारखेसह होते.

काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते. १ डिसेंबर १९७२ नंतर कैदी परतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊ लागल्या, तेव्हा त्या सर्व अंक घेऊन माझ्याकडे आल्या. पत्र येऊन दहा महिने झाले होते, वर्षश्राद्धाची तयारी घरात चालली होती. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, "तरी एकदा पाहून घे." मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून नावे वाचली. त्यांत परुळकरांचे नाव होते किंवा नाही, ते मला आठवत नाही. त्या दिवशी मी एकच नाव शोधत होतो, आणि ते तेथे नाही हे मला आधीच माहीत होते.

याच संदर्भात आणखी एका सुखोईविषयी सांगावेसे वाटते. परुळकरांच्या विमानाआधी काही दिवस फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई पाकिस्तानात शोरकोटकडे पडले. त्या डिसेंबरात ढाक्याच्या एका वृत्तपत्राने पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टोंबे' असे नाव छापले. अक्षरे चुकली होती, पण तसे आडनाव कितीसे असणार? त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नास जेमतेम दीड वर्ष झाले होते. कैदी परतले, त्यांत तांबे नव्हते. पाकिस्तानने असा कोणी आपल्याकडे असल्याचे कधी मान्य केले नाही. ज्या चोपन्न जणांचा पत्ता १९७१ पासून लागला नाही, त्यांत त्यांचे नाव आहे. २००७ साली या बेपत्ता माणसांचे नातलग पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले. कोणी सापडले नाही. दमयंतीबाईंनी वाट पाहणे सोडले नाही.

एका सुखोईच्या वैमानिकाचे नाव टेलिफोनवरून एका माणसाच्या कानी पडले आणि तो घरी आला. दुसऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापले गेले, आणि तरी कोणाच्याही वहीत उतरले नाही. याला दैव म्हणावे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. टेलिफोनच्या त्या टोकास एक उस्मान होता, ज्याने ऐकले तेवढेच ऐकले आणि ऐकल्यावर त्याची जबाबदारी घेतली. मर्फीच्या पुढे मी होतो.

काकू १९९८ साली गेल्या. पुढे त्यांच्या धाकट्या मुलाने भिलाई सोडून रायपुरास घर केले. सामान आवरताना त्याच्या पत्नीस ट्रंकेच्या तळाशी शके १८९३ चे पंचांग सापडले आणि ती ते मला दाखवावयास घेऊन आली. काकूंना पंचांगाच्या समासात टिपणे करण्याची सवय होती. कोणाचे दूध, कोणाचा वाढदिवस, कोणाकडे किती उसने. पौषातील एका पानावर त्यांच्या जाड अक्षरात लिहिले होते: 'आज रात्री रेडिओवर नाव आले. भाऊंनी ऐकले.' आणि खाली मुलाचे पूर्ण नाव, मधल्या वडिलांच्या नावासकट. ते मधले नाव मी कधी उच्चारलेच नव्हते. "यातले भाऊ म्हणजे तुम्हीच ना?" तिने विचारले. मी मान हलविली आणि ते पंचांग माझ्यापाशी राहू द्या, असे म्हणालो.

परुळकरांची बातमी वाचली त्या दिवशी दुपारी, पाऊस चालू असताना, मी ते कपाटातून काढले. माघाचे पान पुन्हा एकदा पाहिले. पत्र आले त्या आठवड्यातील पान ते. तेथे मुलाविषयी एक अक्षर नाही. दूधवाल्याचे सव्वा सहा रुपये देणे होते, ते दिल्याची नोंद आहे आणि तीवर रेघ मारलेली आहे. पौषातील नोंदीवर रेघ नाही.